एकमतापेक्षा नोंदलेला विरोध बरा

भांडण न होता पार पडलेली बैठक ती चांगली बैठक, असं मी नोकरीची सगळी वर्षं मानत आलो. विजेच्या बाबतीत तर जास्तच. ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवा, आकडे पुढ्यात ठेवा, चहा मागवा. अडलेलं काम सुटतं. सार्वजनिक सुनावण्यांचा मला कंटाळा यायचा. तिथे लोक तावातावाने बोलतात, विषय सोडून बोलतात, आणि शेवटी खांब आहे तिथेच राहतो, असं माझं म्हणणं होतं. आता शहापूर तालुक्यातल्या खर्डीत, माझ्या गावी, राहून माझं मत जवळजवळ उलटं झालं आहे. ते एका दिवसात उलटलं नाही आणि कोणी भाषण करून उलटवलंही नाही, म्हणून जसं घडलं तसं मांडतो.

पहिलं मत बनायला सबळ कारण होतं: पुणे, २००६. त्या काळात राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता. वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण जून २००५ मध्ये नुकतीच जन्माला आली होती आणि भारनियमन हा रोजच्या बोलण्यातला शब्द होता. मी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात विद्युत देखभाल बघायचो. पुण्याच्या उद्योजकांनी सीआयआय या उद्योगांच्या संघटनेमार्फत एक तोडगा मांडला. कारखान्यांतली डिझेल जनित्रं एरवी पडूनच असतात. गर्दीच्या वेळेत ती चालवायची आणि कारखान्यांनी न घेतलेली वीज शहराला द्यायची. डिझेलची वीज फार महाग पडते. तो जादा खर्च पुण्यातल्या जास्त वापर करणाऱ्या ग्राहकांच्या बिलातून भरून काढायचा. पुण्याच्या ‘प्रयास’ने हिशेब तपासला, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मंजुरी दिली आणि पुण्याचं भारनियमन थांबलं. त्या जनित्रांपैकी दोन माझ्या ताब्यात होती. संध्याकाळी मी ती सुरू करायचो आणि शहर उजेडात राहायचं. कारखानदार, वीज कंपनी, ग्राहकांच्या बाजूने बोलणारी संस्था आणि आयोग, चौघे एका कागदावर आले की काय होतं ते मी हातात पाना घेऊन पाहिलं होतं.

सुट्टीला गावी यायचो तेव्हा चित्र वेगळं असायचं. खर्डीच्या रुळांवर विजेची तार १९३० च्या सुमारासच आली. कल्याण ते इगतपुरी विजेवर गाडी चालवण्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं वीजघर उभारलं होतं. इथून खाली पडघ्याला चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटरच्या उच्चदाब वाहिनीने १९९९ पासून येते आणि मुंबईकडे जाते. तानसा, वैतरणा आणि भातसाचं पाणीही तिकडेच जातं. आमच्या पाड्यांवर मात्र संध्याकाळी चिमणी. तेव्हा मला यात पुण्याचा दोष दिसला नाही आणि आजही दिसत नाही. पुण्याने खर्डीची वीज पळवली नव्हती. आपली तूट आपल्याच डिझेलने भरली होती. हिशेब चोख होता.

हिशेबाबाहेर जे राहिलं ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं. कोणाकडे किती तास अंधार, हे त्या वेळी त्या भागातली गळती आणि वसुली पाहून ठरायचं. पाड्यांची घरं विखुरलेली, त्यामुळे तारा लांब आणि बारीक, वर आकडेही टाकलेले. गळती जास्त असणारच. म्हणजे तास जास्त. पुण्याच्या तोडग्यानंतर शहरांना वाट सापडली: पैसे मोजा आणि भारनियमनातून बाहेर पडा. ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचत होता ते बाहेर पडले. मागे उरले ते जनित्र नसलेले, संघटना नसलेले, अर्ज लिहून देणारा माणूस नसलेले. राज्याचा तुटवडा होता तेवढाच राहिला, त्याविरुद्ध बोलणारे तेवढे कमी झाले.

त्याच सुमारास दुसरा एक करार मी घाटावर, बहिणीच्या सासरी पाहिला होता. त्याला मी त्या वेळी फारशी किंमत दिली नाही. अक्षय प्रकाश योजना. तेव्हा ११ केव्हीचा एकच फीडर गावठाणालाही जायचा आणि शेतातल्या पंपांनाही. पंप बंद ठेवायचे तर घरंही अंधारात टाकावी लागत. योजनेत गावानेच शब्द द्यायचा होता: संध्याकाळच्या वेळेत कोणी पंप लावणार नाही, आकडे काढून टाकू. त्या बदल्यात घरातले दिवे चालू राहणार. एकाने जरी चोरून पंप लावला तरी फीडरवरचा भार उपकेंद्रात दिसायचा आणि साऱ्या गावाचा उजेड धोक्यात यायचा. म्हणून शेजारीच शेजाऱ्याच्या विहिरीवर जाऊन स्टार्टर बंद करायचा. शिव्याही व्हायच्या. पण ज्याने सोडलं त्यालाच मिळत होतं, आणि ज्याची कुरकुर होती तो समोरच उभा होता. पुण्यात मला हे दिसलं नव्हतं.

पुढे गावठाणाचे फीडर वेगळे झाले. माणसांच्या शब्दावर जे चाललं होतं ते तारांनी केलं आणि जास्त खात्रीने केलं. अभियंता म्हणून मला ते आवडलं. मात्र तारांबरोबर तो शब्द पाळला जातो का हे पाहणारी गावातली समितीही संपली. यंत्र काम करतंय तर माणसांनी बसायचं कशाला, हा विचार तेव्हा सगळ्यांनाच पटला. मलाही.

ती बसायची सवय मोडल्याचं मोल स्मार्ट मीटरच्या वेळी दिसलं. २०२१ मध्ये केंद्राने वितरण सुधारणेची तीन लाख कोटींहून मोठी योजना आणली. तिच्या आधारे २०२३ मध्ये राज्यात सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरची कंत्राटं दिली गेली. तांत्रिकदृष्ट्या मी या मीटरच्या बाजूचा आहे. कुठल्या डीपीवर किती भार आहे, गळती कुठे होते, कुठल्या वेळी वापर वाढतो, हे कळल्याशिवाय जाळं सुधारता येत नाही. दिवसा सौर वीज मुबलक असताना स्वस्त दर द्यायचा तर वेळ मोजणारा मीटर लागतोच. पण घरोघरी प्रश्न वेगळा होता. आधी पैसे भरायचे आणि संपले की लाईट जाणार, असंच ना? हातावर पोट असलेल्या घराला हा प्रश्न पडणारच. तो विचारायला जागा नव्हती, म्हणून तो रस्त्यावर विचारला गेला. जून २०२४ मध्ये ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना जाहीर करावं लागलं की सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसणार नाहीत. कंत्राटाच्या आधी हा आक्षेप कोणी लिहून घेतला असता, तर मीटर राहिला असता आणि प्रीपेडचा वाद मीटरच्या गळ्यात पडला नसता.

इतकं होऊनही माझा टेबलावरचा विश्वास ढळला नव्हता. तो ढळला तो गावातच.

पाड्यांकडे जाणारी जुनी वाहिनी बदलून तिथे केबल टाकायची होती. उघड्या तारांवर सागाची फांदी पडली की पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसते, हे इथे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. ग्रामपंचायतीत बैठक झाली. वीज कंपनीचे लोक आले, वनखात्याचे आले, दोन पोल्ट्रीवाले आणि एक रिसॉर्टवाले होते. निवृत्त इंजिनिअर म्हणून मला मध्यभागी बसवलं. नकाशा पसरला, सर्वात जवळची वाट आखली, शटडाउनचा दिवस ठरला. कोणाचा आक्षेप? कोणाचाच नाही. पाऊण तासात एकमत. मी खूश होतो.

वाट वनजमिनीतून जात होती. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे विजेच्या वाहिनीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. तोडायची झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, त्यामुळे ग्रामसभा हा इथे नुसता उपचार नाही. तरी मला तो उपचारच वाटत होता. कागदावर झाडांची संख्या मर्यादेत होती.

ग्रामसभेत पाड्यावरच्या एक मावशी उठल्या. “झाडा मोजलीव, पर कोनती ती बगितलीव का? ह्यात मोव हायेत आमचं. आन् लाईट जाऊच नको असा मी म्हनत नाय. कवा जानार त्ये आदी सांगा, म्हंजे दलनाचा डबा आदल्या दिशी टाकू.”

आम्ही ठरवलेला शटडाउन आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी होता, गिरणीला सर्वात जास्त गर्दी असते त्या दिवशी. आणि मोहाची झाडं कुठल्या घराने कुठली वेचायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. ते आमच्या नकाशावर नव्हतं. बैठकीत कोणी खोटं बोललं नव्हतं आणि कोणाचा हेतू वाईट नव्हता. ज्यांना माहीत होतं ती माणसं खोलीत नव्हती, एवढंच. आमचं एकमत त्यामुळेच इतकं सोपं झालं होतं.

त्यानंतर मी नियामक आयोगाच्या जुन्या आदेशांकडे नव्याने पाहू लागलो. सुनावणीत जाहीर सूचना निघते, कोणीही लेखी हरकत देऊ शकतो, कंपनीला तिचं उत्तर द्यावं लागतं. आयोगाच्या आदेशात हरकत, उत्तर आणि निर्णयाचं कारण ही तिन्ही छापली जातात. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ९४(३) खाली ग्राहकांची बाजू मांडायला आयोग प्रतिनिधी नेमू शकतो. ‘प्रयास’ आणि मुंबई ग्राहक पंचायत यांनी ते काम केलं आहे. निर्णय पटला नाही तर वर अपील आहे. पुण्याच्या तोडग्याचे आकडे आज मला वाचता येतात तेही तो याच चाळणीतून गेला म्हणून. ज्याला मी कटकट म्हणायचो त्या कटकटीची नोंद राहते. चहाबरोबर झालेल्या एकमताविरुद्ध कुठे अपील करायचं?

हा प्रश्न आता वाढतच जाणार आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्प होईल त्या ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, असं तीन वर्षं अनुदान आहे. चांगलं आहे. पण प्रकल्प गायरानावर आला तर पैसा पंचायतीच्या खात्यात जातो आणि चराई जाते ती गुरं राखणाऱ्याची. पंचायत ‘होय’ म्हणाली म्हणजे गुराखी ‘होय’ म्हणाला, असं होत नाही. दोघांची उत्तरं वेगवेगळी लिहून घ्यायला हवीत.

माझ्या बदललेल्या मताची किंमत मी लपवत नाही. केबलची वाट रस्त्याच्या कडेने वळवली, खांब वाढले, अंदाजपत्रक पुन्हा करावं लागलं. काम पावसाळ्यापलीकडे गेलं आणि एक पाडा आणखी एक पावसाळा जुन्याच तारांवर राहिला. त्या पाड्यावरच्या एका पोराने मला तोंडावर विचारलं, “मोहाची झाडं त्यांची, अंधार आमचा का?” माझ्याकडे त्याला पटेल असं उत्तर नव्हतं. त्याचा प्रश्न मी ग्रामसेवकांना इतिवृत्तात लिहायला लावला, मावशींच्या हरकतीच्या खालीच.

पुढच्या वाहिनीच्या बैठकीतही मला मध्ये बसवायचं म्हणतात. मी अट घातली आहे: आधी आक्षेप लिहून घ्यायचे, कोणकोण आलेलं नाही ते लिहायचं, आणि मग नकाशा उघडायचा. अट मान्य झाली नाही तर मी मागच्या बाकावर बसेन आणि पहिला आक्षेप माझाच असेल.