बालाजी मंदिराची वाट

विश्वनाथाचं दर्शन, संध्याकाळची गंगा आरती, जमलं तर सारनाथ, हा काशीचा नेहमीचा बेत. मला मात्र बालाजी घाटावरचं मंदिर पाहायचं होतं, कारण तिथे उस्ताद बिस्मिल्ला खाँ शहनाई शिकले.

अहिल्याबाई घाटावरून मार्गशीर्षातल्या थंडीत निघाले. विश्वनाथाचं आजचं मंदिर १७८० साली उभं केलं ते याच अहिल्याबाईंनी. उत्तरेकडे चालत राहिलं की मणिकर्णिकेनंतर शिंदे घाट लागतो. तिथलं रत्नेश्वराचं देऊळ पायथ्यापासून एका अंगाला कललंय, तरी उभं आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. एकनाथांनी भागवत पुरं केलं तेही याच काशीत, १५७३ साली. मराठी माणसाला इथे परकं वाटत नाही ते उगीच नव्हे.

बिस्मिल्लांचा जन्म डुमरावचा, १९१६चा. पण ते वाढले काशीत, आजोळी. मामांकडे मंदिरात शहनाई वाजवण्याची पिढीजात सेवा होती. भाचा रोज बालाजी मंदिरात रियाजाला जाई. जायच्या वाटा दोन होत्या. त्याला आवडायची ती रसूलनबाई आणि बतूलनबाई या बहिणींच्या घरावरून जाणारी, कारण तिथे कधी ठुमरी, कधी टप्पा, कधी दादरा कानावर पडे. संगीताची पहिली ओढ या दोघींच्या गाण्यानं लावली, असं उस्ताद पुढे मोकळेपणानं सांगत. एवढ्या मोठ्या कलावंतानं कोठीवरच्या गायिकांचं ऋण असं उघड मानावं, याचं मला फार मोल वाटतं.

आणि सिनेमा! मूकपटांच्या काळातली सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, ही त्यांची लाडकी नटी. थर्ड क्लासचं तिकीट सहा पैशांना. दोन पैसे मामाकडून, दोन मावशीकडून, दोन आजीकडून घ्यायचे आणि तासन्‌तास रांगेत उभं राहायचं. पुढे बालाजीला शहनाई वाजवल्याबद्दल आठ आणे मिळू लागले, तेही सुलोचनाच्या नव्या चित्रपटावर खर्च होत. पोट भरायला कुलसुमच्या दुकानची कचोरी. ती तुपात सोडताना जो 'छन्न' आवाज होई, त्यातही या मुलाला सुरांचे चढउतार ऐकू येत.

मी गल्लीतल्या एका कढईपुढे बराच वेळ उभी राहिले. कचोरी पडते तेव्हा आवाज मोठा आणि जाड असतो, ती फुगून वर आली की बारीक होत जातो, आणि उलटली की पुन्हा चढतो. मग पानाच्या द्रोणात हिंगाचा वास असलेली बटाट्याची भाजी आणि वर गरम जिलबी. काशीची सकाळ अशीच सुरू व्हावी.

रांगेतल्या त्या मुलाची शहनाई १९५९ साली 'गूंज उठी शहनाई'मधून देशभर ऐकली गेली. संगीतकार होते आपल्या कोकणातले वसंत देसाई.

बालाजी घाटापुढे पंचगंगा, मग दुर्गा घाट. इथल्या गल्ल्यांत अजून मराठी घरं आहेत. एका वाड्याचं दार उघडं होतं. आतल्या आजींनी हाक मारून चौकात बसवलं. वरून आकाशाचा चौकोन, त्यातून उतरणारा मऊ उजेड. तुळशीपाशी ठेवलेल्या तांब्याची सावली शोधूनही सापडेना. मला 'अपराजितो' हा चित्रपट आठवला. सत्यजित राय यांनी त्याचं घाटांवरचं चित्रण काशीतच केलं, पण कथेतल्या कुटुंबाच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला. असा बिनसावलीचा उजेड तिथे आणायचा कुठून? छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर रोखले. कापडावरून परतून आलेला उजेड चौकात पसरला. १९५७ साली व्हेनिसमध्ये चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला, आणि उजेडाची ही रीत पुढे जगभरच्या स्टुडिओंत रुळली.

हे सगळं मी आजींना उत्साहानं सांगितलं. त्यांनी वर पाहिलं.

"अगं, वैशाखात आम्हीही ताणतो की पांढरं कापड," त्या म्हणाल्या. "नाहीतर चौकात बसवत नाही. चहा घेतेस ना?"