चौथा ठिपका

बाईंनी मला संख्याशास्त्र शिकवलं, हे गुणपत्रिकेवरून दिसतंच. पण मी त्यांचा ऋणी आहे तो एका प्रश्नासाठी: हातातल्या माहितीवर नियम चपखल बसला, म्हणून न पाहिलेल्या माहितीवर तो का चालावा? पुण्यात एम.एस्सी.ला असताना हे अभ्यासक्रमात नव्हतं. बाई ते तास संपल्यावर शिकवायच्या, हजेरी न घेता.

मोठ्या संख्यांचा नियम आम्हाला तोंडपाठ. आधी ठरवलेला एक नियम घ्या, 1000 नमुन्यांवर त्याच्या चुका मोजा, खरं प्रमाण जवळपास कळतं. बाई विचारायच्या, "आणि नियम नंतर निवडला तर?" 1000 माणसांनी प्रत्येकी 10 वेळा नाणं उडवलं, तर त्यांतल्या कुणा ना कुणाला दहाही वेळा छापा पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. मग काय, त्याला गुरू करायचं? माहितीतून शिकणारं यंत्रही असंख्य नियमांतून सगळ्यांत कमी चुका करणारा उचलतं. तेव्हा एका नियमाची हमी पुरत नाही, सगळ्यांची एकदम लागते.

ती कधी मिळते, हे मॉस्कोच्या नियंत्रणशास्त्र संस्थेत व्लादिमीर वाप्निक आणि अलेक्सेई चेर्वोनेन्किस यांनी शोधलं. सविस्तर निबंध 1971 चा. नियम अगणित असोत, नमुन्यांचे ठिपके मोजकेच असतात. त्यांची वाटणी किती तऱ्हांनी होते तेवढं पाहायचं. बाईंनी फळ्यावर त्रिकोणाचे 3 ठिपके काढले. लाल-पांढऱ्या खडूच्या आठही वाटण्या सरळ रेषेने जमल्या. मग चौथा ठिपका काढून चौकोन केला. 16 पैकी 14 जमतात. समोरासमोरचे कोपरे एका रंगाचे केले, की पट्टी कशीही फिरवा, रेषा बसत नाही. आम्ही फिरवत राहिलो. बाई डस्टर हातात घेऊन मजा बघत होत्या. इथून पुढे ठिपक्यागणिक तऱ्हा दुप्पट होत नाहीत, बहुपदीच्या बेताने वाढतात. योगायोगाने फसण्याची शक्यता मात्र नमुन्यागणिक घातांकी वेगाने घटते. शर्यत कोण जिंकणार ते उघड आहे. दोन न जमलेल्या वाटण्यांतून एवढं निघावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आज माझं पोट मॉडेलांवर चालतं. कुणी झकास आकडा आणून दाखवला, की "हे निवडण्याआधी किती टाकून दिलीस?" असं आपसूक तोंडून जातं. पोरं वैतागतात. वैतागू देत.

2016 च्या अखेरीस एक निबंध गाजला. चित्रांना वाटेल ती नावं चिकटवली, तरी मोठी न्यूरल नेटवर्कं ती बिनचूक पाठ करतात. आणि खरी नावं दिली, तर न पाहिलेली चित्रंही बऱ्यापैकी ओळखतात. मॉस्कोच्या हिशोबाने अशा नेटवर्कची हमी शून्य. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. बिचकतच त्यांना छापील प्रत पाठवली. ती परत आली तेव्हा समास पेन्सिलीने भरला होता. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, "हमी वाटेल त्या वितरणासाठी मागितली होती. खरी चित्रं 'वाटेल ती' असतात का?"