वाड्याचं गाव

काल रात्री क्रोएशियातल्या स्प्लिटबद्दल वाचत बसलो. हे बंदर म्हणजे मुळात एका निवृत्त माणसाचा वाडा! रोमन सम्राट डायोक्लेशनने इ.स. 305 मध्ये गादी सोडली आणि तो समुद्रकाठच्या या तटबंद महालात राहायला आला. पुढे सातव्या शतकात शेजारच्या सलोनातले निर्वासित त्यात घुसले, दालनांत चुली मांडल्या, वाड्याचं गाव झालं. ज्याने ख्रिश्चनांचा छळ केला, त्याच्याच समाधीचं कॅथेड्रल झालं. काळाचा खट्याळपणा, दुसरं काय! 1979 पासून हे वाड्याचं गाव जागतिक वारसास्थळ आहे.

आमच्या जाफराबादलाही तट आहे, गढी आहे, पूर्णा-केळनेचा संगम आहे. समुद्र तेवढा नाही. पण शेजारच्या तालुक्यात भोकरदन, म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत तिथली माणसं आहेत. तिथल्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीशी चांगलीच जुळते. पाँपेई तर इ.स. 79 मध्येच राखेखाली गेलं. म्हणजे भारतीय हस्तिदंत इटलीत पोचलं, तेव्हा स्प्लिटच्या वाड्याचा पायाही खणला नव्हता. हे मला उगाचच मिरवावंसं वाटतं.