आजोबांच्या हातातला झेंडा

17 सप्टेंबर जवळ आला की आपल्याकडं व्हॉट्सॲपवर जुने फोटो फिरायला लागतात. गेल्या वर्षी त्यात एक फोटो आला. मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा, त्याच्या व्हरांड्यात उभा एक तरणा माणूस, हातात केशरी झेंडा. डबा निळाशार. खाली ओळ होती : ‘हैदराबाद मुक्त झाल्यावर नांदेडला आलेली पहिली गाडी, सप्टेंबर 1948.’

तो माणूस माझे आजोबा.

मी काय केलं असेल? ऊर भरून आला आणि फोटो पुढं पाठवून दिला. दीडदोनशे लोकांनी हात जोडले. संध्याकाळी लातूरहून आत्याचा फोन. म्हणाली, “अरे, 48 साली अण्णा शाळेत होते. कुठली गाडी अन् कुठला झेंडा?”

मूळ फोटो आत्याकडंच आहे. दोन वर्षांपूर्वी मीच तो मोबाईलवर घेऊन नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो कुठं कुठं फिरला, कुणी ॲपमधून रंगवला, कुणी ओळ लिहिली, देव जाणे. पुढच्या रविवारी लातूर गाठलं आणि भिंगानं तो फोटो पाहिला.

पहिली गोष्ट. फिरणाऱ्या फोटोत खालचा भाग कापलेला होता. मूळ फोटोत डब्याच्या अंगावर इंग्रजी सी आणि आर ही अक्षरं स्पष्ट दिसतात. सीआर म्हणजे सेंट्रल रेल्वे, आपली मध्य रेल्वे. ती स्थापन झाली 5 नोव्हेंबर 1951 ला. निजाम स्टेट रेल्वे तेव्हाच तिच्यात विलीन झाली. म्हणजे 1948 साली ही अक्षरं डब्यावर असणं शक्यच नाही. विषय तिथंच संपला.

आपल्या भागातल्या फोटोंसाठी हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1930 पर्यंत निजामाची ‘गॅरंटीड’ स्टेट रेल्वे, म्हणजे एनजीएसआर. मग 1951 पर्यंत नुसती एनएसआर. त्यानंतर मध्य रेल्वे. 2 ऑक्टोबर 1966 ला दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि नांदेड तिच्यात आलं. लातूरच्या छोट्या गाडीची गोष्ट वेगळी. ती बार्शी लाईट रेल्वे, अडीच फुटी रुळांची. 1911 ला लातूरपर्यंत पोचली आणि 1 जानेवारी 1954 ला सरकारनं घेतली. अर्थात अक्षरं एका रात्रीत बदलत नाहीत. डबा वर्कशॉपला जाईल तेव्हाच नवा रंग लागायचा, त्यामुळं जुनी अक्षरं काही काळ मिरवत राहायची. पण नवी अक्षरं आधीच्या तारखेला कुणी लिहू शकत नाही.

दुसरी गोष्ट, निळा रंग. माझ्या लहानपणी इथं मीटरगेज होती आणि प्रवासी डबे गडद लाल असायचे. मालडबे विटकरी. साध्या गाड्यांवर निळा रंग आला तो 1990 च्या दशकात, एअर ब्रेकच्या डब्यांबरोबर. ॲपला हे कोण सांगणार? त्यानं आज दिसणाऱ्या गाड्यांवरून अंदाज मारला.

पण नुसत्या रंगावरून फोटो खोटा ठरवायची घाईही नको. 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिचा एक रेक चंदेरी, लाल पट्ट्यांचा होता आणि दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. खास गाड्यांचे थाट खास असायचे. म्हणून आधी अक्षरं बघायची, मग रुळांची रुंदी, मग डब्याचा नंबर. पाच आकडी नंबर असलेल्या अलीकडच्या डब्यांत पहिले दोन आकडे बांधणीचं साल सांगतात. रंग सगळ्यात शेवटी.

आणि तिसरी गोष्ट, झेंडा. मूळ फोटोत त्यावर पट्टा नाही, चक्र नाही, सगळा एकाच करड्या छटेचा. आजोबा पूर्णेला गार्ड होते. गार्डाच्या हातात दोनच झेंड्या असतात, लाल आणि हिरवी. गाडी सोडताना हिरवी दाखवतात. ॲपनं ती केशरी केली आणि आमचे आजोबा एका रात्रीत स्वातंत्र्यसैनिक झाले.

मी खुलासा टाकला तेव्हा काही जण रागावले. “चांगल्या गोष्टीत कशाला खोडा घालता?” एक जण तर म्हणाला, “तुमच्याच आजोबांचा मान कमी करायलात.” खरं सांगतो, दोन दिवस मलाही वाईट वाटलं. पण मुक्तिसंग्रामात ज्यांनी उमरीची बँक लुटली, ज्यांनी तुरुंग भोगला, त्यांना माझ्या आजोबांच्या उसन्या झेंडीची गरज नाही. आणि पावसापाण्यात, रात्री-अपरात्री मालगाडीच्या शेवटच्या डब्यात कंदील घेऊन बसणाऱ्या माणसालाही खोट्या मानाची गरज नाही.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं मीटरगेज गेली, लातूरची छोटी गाडी गेली. ज्या मिरज-लातूर मार्गावर ती धावायची, त्याच मार्गावरून 2016 च्या दुष्काळात पाण्याची गाडी आली. आज लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे, नांदेडहून वंदे भारत सुटते. हे सगळं बदलताना जुन्याची नोंद कोण ठेवतंय? स्टेशनाबाहेर उभ्या केलेल्या जुन्या इंजिनांना झेंडावंदनाच्या आधी चकचकीत ऑइलपेंट फासतात. खालच्या रंगाचे थर, जुनी अक्षरं, नंबर सगळं त्याखाली गाडलं जातं. रंगवायला हरकत नाही. पण आधी चार बाजूंनी फोटो घ्या, अक्षरं उतरवून घ्या, शेजारी साल लिहिलेली एक पाटी लावा. याला असा किती खर्च येतो?

आणि तुम्हाला एक विनंती. घरात रेल्वेचे जुने फोटो असतील तर कापू नका, रंगवू नका. पुढून-मागून दोन्हीकडून काढून ठेवा. डब्यावर काही लिहिलं असेल तर तेवढाच भाग जवळून घ्या. कमेंटमध्ये टाका, आपण मिळून वाचू.

आजोबांचा मूळ फोटो खाली दिला आहे. काळा-पांढरा, न कापलेला. झेंडी हिरवी समजावी.