सासूबाईंची फाईल

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची एक पिशवी दरवर्षी खाली येते आणि पुसून पुन्हा वर जाते. तिच्यात सासूबाईंची फाईल आहे. छातीचे फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, गॅसपीडित असल्याचे कागद. फेकवत नाही आणि वाचून कळत नाही.

मी १९९१ साली लग्न होऊन सांगलीहून भोपाळला आले. २ डिसेंबर १९८४च्या रात्री सासरची मंडळी स्टेशनजवळ भाड्याच्या घरात राहत होती. मध्यरात्रीच्या सुमारास युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाईल आयसोसायनेट बाहेर पडलं. लोक पळत सुटले, तशा सासूबाईही पळाल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी मी वर्तमानपत्रात वाचलं, की या वायूची पाण्याशी रासायनिक क्रिया होते. तोंडावर ओला कपडा धरला असता, धावून धाप लावून घेतली नसती, तर कितीतरी जणांच्या छातीत तो कमी गेला असता. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, घरात पाण्याचा हंडा भरलेला होता."

त्यानंतर मी तो विषय त्यांच्यासमोर काढला नाही.

सासूबाई सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नसत. डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली, की त्यांचा प्रश्न ठरलेला : "ही कशासाठी? ते सांगा, मग नियम मोडायचा की नाही ते मी ठरवते." गर्दीत कुणाला वेळ नसे. "खा लीजिए माताजी," एवढंच उत्तर मिळे. मग ती गोळी राहायची. २००३च्या हिवाळ्यात त्या गेल्या.

त्या वायूचा शरीरावर काय परिणाम होतो, ही माहिती कंपनीने पूर्ण दिली नाही, अशी इथल्या डॉक्टरांची आणि संघटनांची तक्रार आजही आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, १९८५ ते १९९४ इथल्या सुमारे ८० हजार लोकांची पाहणी केली. त्या दीर्घ पाहणीचा तांत्रिक अहवाल २००४च्या सुमारास बाहेर आला. वीस वर्षं! तोवर माझी मुलगी शाळेत जायला लागली होती.

लॉकडाऊनमध्ये मुलगी घरी होती, तेव्हा तिने मोबाईलवर एक लेख काढून दिला. एडवर्ड ब्रॉटन यांनी भोपाळ दुर्घटनेचा आणि नंतरच्या वीस वर्षांचा घेतलेला आढावा, २००५ सालचा. पैसे नाहीत, पासवर्ड नाही. मी बी. ए.ला मराठी घेतलेली बाई. शब्दकोश जवळ घेऊन चार दुपारी वाचला. उत्साहाने दुसरा लेख उघडायला गेले, तर तिथे डॉलर मागितले. आमच्याच शहरातल्या, आमच्याच माणसांच्या फुप्फुसांवरचा लेख!

हे आमच्यापुरतंच नाही. लायबेरियात २०१४ साली इबोलाने हाहाकार उडवला. हा रोग तिथे असण्याची शक्यता आहे, असं युरोपातल्या एका नियतकालिकात १९८२ सालीच छापून आलं होतं. तिथल्या आरोग्य खात्याच्या लोकांना ते साथीनंतर कळलं. तो लेख विकत घ्यायला ४५ डॉलर पडत होते, असं त्यांनीच २०१५ साली लिहिलं. याउलट कोरोनाच्या विषाणूची जनुकीय रचना ११ जानेवारी २०२० रोजी सगळ्या जगासाठी खुली झाली आणि लगेच लशींचं काम सुरू झालं.

आपल्या सरकारनेही नोव्हेंबर २०२४मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना हजारो नियतकालिकं वाचता येणार. चांगलंच आहे. पण त्यात मी बसत नाही, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले आमचे डॉक्टरही नाहीत. ते म्हणतात, "ताई, लोक मोबाईलवर अर्धवट वाचून येतात आणि माझ्याशीच भांडतात." तेही खरं. कोरोनाच्या काळात घाईने टाकलेले आणि नंतर मागे घेतलेले लेखही होतेच. दार उघडं ठेवलं की धूळही आत येते. म्हणून कुणी दाराला कायमचं कुलूप घालत नाही. रोज केर काढतो.

यंदा पिशवी खाली आली, तेव्हा मुलीला शेजारी बसवलं. तिने चिठ्ठ्या एकेक वाचल्या. रात्रीची ती गोळी थिओफायलिनची होती. श्वासनळ्या मोकळ्या ठेवणारी. श्वासाचा त्रास रात्री, पहाटे वाढतो, म्हणून रात्री घ्यायची. शोधायला तिला पाच मिनिटं लागली.

हे कळलं असतं, तर सासूबाईंनी नियम मोडला असता का? सांगता येत नाही. फार करारी होत्या. कदाचित डॉक्टरांनाच म्हणाल्या असत्या, "मग सूर्य मावळायच्या आत घेतली तर चालेल का?" किती साधा प्रश्न! पण तो विचारायला आधी गोळी कशासाठी ते कळायला हवं होतं.

पिशवी या वेळी माळ्यावर ठेवली नाही. माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली आहे.