मिरजेला जाऊन येते

रायबाग, कुडची, अथणी, चिकोडी या भागात कोणी ‘ते मिरजेला गेलेत’ म्हटले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘कोण आजारी आहे?’ कोल्हापूरला माणूस अंबाबाईला जातो, बेळगावला खरेदीला आणि कोर्टकचेरीला जातो; मिरजेला मात्र दुखणे घेऊनच जायचे. कन्नडमध्येही ‘मिरजिग होग्यार’ एवढे दोनच शब्द पुरतात. बेळगाव-हुबळीत मोठमोठी रुग्णालये होऊनही कृष्णाकाठच्या लोकांची ही सवय सुटलेली नाही. आम्हाला मिरज जवळ पडते, आणि आजोबा-पणजोबांपासून ती ओळखीची आहे.

माझे दुखणे पित्ताशयातल्या खड्यांचे. सोबतीला आठ वर्षांचे थायरॉइड आणि चार वर्षांची साखर. 2023 च्या मे महिन्यात एका लग्नाचे जेवण झाले आणि त्याच रात्री उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली. ती पाठीतून उजव्या खांद्याकडे गेली आणि तीन तास हलली नाही. घरात जमलेल्या सगळ्यांनी एकमुखाने निदान केले, ‘पित्त झालंय.’

आपल्या मराठीत या ‘पित्त’ शब्दाने मोठाच घोळ घालून ठेवला आहे. छातीत जळजळले की पित्त, अर्धे डोके दुखले की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, आणि राग आला तरी खवळते ते पित्तच. कन्नडमध्येही पित्त ‘नेत्ति’ला, म्हणजे टाळूला चढते. त्यामुळे पोटात कसलीही कळ आली की दोन्ही भाषांतली माणसे सोडा, कोकम आणि आल्याचा तुकडा घेऊन धावतात. खरे तर जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने. पित्त ही वेगळी गोष्ट. ते यकृतात तयार होते, पित्ताशयाच्या पिशवीत साठते आणि तेलातुपाचे जेवण झाले की ते पचवायला आतड्यात उतरते. त्यात कोलेस्टेरॉल जास्त झाले किंवा पिशवी नीट रिकामी झाली नाही, की खडे धरतात. बायकांत हे प्रमाण जास्त. वय, वजन, बाळंतपणे, मधुमेह ही कारणे आहेतच, शिवाय लांबलचक उपवास आणि झटपट वजन उतरवणे हेही त्यात येते. नवरात्रात दिवसभर कडकडीत राहून रात्री तुपातली साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हे सांगते, तेव्हा त्या देवीकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

दुसरा घोळ मुतखड्याचा. खडा म्हटले की आपल्याकडे हुलग्याचे कढण आलेच. शेजारच्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात डबा भरून हुलगे आणून दिले, तर सासरच्यांनी ‘हुरळी’ म्हणून तेच धान्य पुढे केले. मुतखडा लहान असला तर लघवीच्या वाटेने पडून जाऊ शकतो. पित्ताशयाच्या खड्याला ती वाटच नाही. तो सरकलाच तर पित्ताच्या नळीत अडकतो, मग कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती सूज जिवावर बेतू शकते. लिंबू आणि ऑलिव्ह तेल पिऊन ‘खडे पडल्या’च्या कथाही खूप ऐकल्या. तपासणीत ते हिरवट गोळे त्या तेलाचेच साबणासारखे घट्ट गोळे निघाले आहेत. (हुलग्याचे कढण मात्र आम्ही फुकट घालवले नाही. भातावर घेऊन खाल्ले.)

तर मिरज. रायबागहून पॅसेंजरने निघाले की चिंचली, कुडची, मग कृष्णेचा पूल, उगार, शेडबाळ आणि पुढे महाराष्ट्र. चिंचलीला माघात मायाक्का देवीची यात्रा असते, तेव्हा दोन्ही राज्यांची माणसे डब्यात मावत नाहीत. उगारला साखर कारखान्याचा मळीचा वास खिडकीतून आत येतो. साखर ‘वाढलेल्या’ बाईने उसाच्या या समुद्रातून दवाखान्यात जावे, ही गंमत दर खेपेला मनात येतेच. या गाडीत पेशंट ओळखायला डॉक्टर लागत नाही. ज्याच्या हातात एक्स-रेचे मोठे पाकीट किंवा औषध दुकानाची पिशवी, तो पेशंट. उगार येईपर्यंत एकमेकांचे रिपोर्ट वाचून झालेले असतात.

या वाटेला मी एकटी कधी गेले नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, बरोबर असतात. त्यांचे गुडघे आणि रक्तदाब, माझी बाकीची यादी. आम्ही दोघींच्या तारखा एका दिवशी घेतो. माझे माहेर निपाणीकडचे मराठी, सासर कन्नड. घरात मी त्यांच्याशी कन्नडच बोलते, पण दुखायला लागले की मी मराठीतच विव्हळते. अत्ती तर कन्नडशिवाय दुखणे सांगूच शकत नाहीत. एकदा दुसऱ्या एका शहरातल्या दवाखान्यात त्या नर्सला म्हणाल्या, ‘होट्ट्याग संकट आगाकत्तैति.’ नर्सला ‘संकट’ तेवढे कळले. ती घाबरून मला विचारू लागली, ‘घरात काय झालंय का हो?’ कन्नडमध्ये संकट म्हणजे कालवाकालव, मळमळ, अस्वस्थपणा. मराठीतले संकट त्याहून मोठे.

मिरजेत असे होत नाही. आमचे सर्जन माझ्याशी मराठीत आणि अत्तींशी कन्नडमध्ये बोलतात, आणि मधेच दोघींशी मिसळून बोलतात. पहिल्या भेटीत त्यांनी अत्तींनाच विचारले, ‘सोसिग एल्लि नोव ऐति री?’ सुनेला कुठे दुखते? अत्तींनी माझ्या बरगडीखाली नेमके बोट ठेवले. मग डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर पेरूसारखी एक पिशवी काढली, आत चार ठिपके दिले आणि म्हणाले, ‘त्रास न देणारे खडे आपण तसेच ठेवतो. त्रास देणाऱ्यांची पिशवीच काढावी लागते. पण तुमची साखर आधी खाली आली पाहिजे.’ तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊच्या वर होती. जखम भरायला, जंतुसंसर्ग टाळायला ती आठच्या आत आणा, असे त्यांनी सांगितले. म्हणजे थांबायचे. ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा कळ थांबलीच नाही, तर मात्र साखरबिखर न बघता रात्री-अपरात्री निघून यायचे.

या गावाला आजाऱ्यांची ही सवय लागली ती एकशेतीस वर्षांपूर्वी. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर 1889 साली भारतात आले आणि 1894 साली त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. तेव्हा मिरज हे पटवर्धनांचे संस्थान होते, आणि रेल्वे येऊन पोचली होती. रेल्वे आणि सर्जन एका गावात मिळाल्यावर दक्षिणेकडून, कोकणातून, निजामाच्या मुलखातून बैलगाडी-आगगाडीने रोगी येऊ लागले. सांगली-मिरज रस्त्यावरची वॉनलेसवाडी अजून त्यांचे नाव सांगते. 1962 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथेच झाले. मग डॉक्टरांमागून औषध दुकाने, दुकानांमागून लॉज, लॉजमागून खाणावळी. खाणावळीत ‘पेशंटचा डबा’ म्हटले की बिनतिखट आमटी आणि मऊ भात न सांगता येतो. मला तेल बंद. एण्णेगायीत वांगे तेलात पोहते त्या घरची सून मी, आणि होळिगेवर तुपाची धार धरणारी सासू समोर बसलेली. त्या खाणावळीत अत्तींनीही माझ्याबरोबर तोच डबा मागवला. ‘नंगू अदे कोडरी,’ मलाही तेच द्या. गुडघ्यांना तेल वर्ज्य नसते, हे त्यांना ठाऊक होते.

साखर उतरवायला चालणे सांगितले होते आणि परतीची गाडी संध्याकाळची. म्हणून तपासणी झाली की आम्ही मिरज पायी बघायला लागलो. अत्तींच्या गुडघ्यांना झेपेल तेवढीच, दर शंभर पावलांवर बसत. सतारमेकरांच्या गल्लीत दारादारात मोठमोठे वाळलेले भोपळे टांगलेले असतात. सतार आणि तंबोऱ्याचे हे काम दीडशेहून अधिक वर्षांचे, आणि 2024 साली मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या गल्लीपासून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यापर्यंत जायचे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर त्याच आवारात आहे. ते 1937 साली गेले. तेही आजारपणातच मिरजेला आले आणि इथे बरे झाले, अशी गोष्ट इथली माणसे सांगतात. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक असते. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, कन्नड घरातले, आणि मराठी रंगभूमी गाजवली त्यांनी. अत्तींनी दर्ग्यात माझ्यासाठी काही मागितले असावे. मी विचारले नाही.

ही वाट नेहमी मोकळी असते असेही नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला आणि कुडचीचा रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला. 2022 च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला, गाड्यांवर दगड पडले आणि दोन राज्यांमधली एस.टी. थांबली. त्या आठवड्यात अत्तींची तारीख होती. रेल्वे चालू होती म्हणून पोचलो. डब्यात माझ्यासमोर डायलिसिसला जाणारा एक तरुण होता. त्याला आठवड्यातून दोनदा जावेच लागायचे. बाहेर कोणते राज्य कुणाचे यावर घोषणा चालल्या होत्या, आणि तो खिडकीला डोके टेकून फक्त गाडी वेळेवर आहे का, एवढेच दोन्ही भाषांत विचारत होता. 2023 साली महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना आपली आरोग्य योजना देऊ केली, त्यावर कर्नाटकातून आक्षेप आला, तेव्हाही मला तोच आठवला.

जून ते सप्टेंबर मी थांबले. सकाळी उठून रिकाम्या पोटी थायरॉइडची गोळी, मग अर्धा तास चहासुद्धा नाही, नाश्त्याआधी साखरेची गोळी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगाची चटणी चिमूटभर, कॉलेजला तीन तास उभ्याने शिकवणे. ऑगस्टमध्ये एकदा तास चालू असताना कळ आली. फळ्याकडे तोंड करून मी खडू धरून उभी राहिले. मुलांना वाटले मॅडम लिहिणार आहेत. दोन मिनिटांत ती गेली. पण ‘आता नळीत सरकला तर?’ हा विचार त्या चार महिन्यांत एकही रात्र चुकला नाही. आजारापेक्षा हे थांबणे जास्त दमवते. आमच्याकडच्या कन्नडमध्ये दमण्याला ‘सुस्त’ म्हणतात, आणि मराठीत सुस्त म्हणजे आळशी. त्या दिवसांत मी दोन्ही अर्थांनी सुस्त होते.

ऑक्टोबरमध्ये साखर पावणेआठवर आली आणि तारीख मिळाली. ऑपरेशनबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पोटावर चार लहान छिद्रे, दुर्बिणीतून काम, दुसऱ्या दिवशी चालायला लावले. 1990 साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्तन उडवाडिया यांनी ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा केली. त्याआधी बरगडीखाली वीतभर चीर असायची आणि माणसाला पूर्ण सावरायला महिना-दीड महिना लागायचा. अत्तींच्या थोरल्या बहिणीच्या पोटावर ती खूण होती. माझे खडे डॉक्टरांनी एका लहान बाटलीत घालून दाखवले. अकरा होते. अत्तींनी बाटली उजेडात धरली, खडे मोजले आणि म्हणाल्या, ‘इष्ट सण्णावु!’ एवढेसे!

पिशवी गेली तरी यकृत पित्त करतच राहते. ते आता थेट आतड्यात उतरते. पहिले काही आठवडे तेलकट खाल्ले की पोट बिघडायचे, मग हळूहळू बसले. होळिगे आता खाते, तूप मोजून. थायरॉइड आणि साखर मात्र कुठल्या बाटलीत घालून दाखवता येत नाही. दर तीन महिन्यांनी रक्त, दर तीन महिन्यांनी पॅसेंजर.

पुढची तारीख बुधवारची आहे. अत्तींनी आत्ताच बजावले आहे, की या खेपेला गुडघ्यांचे सांगायला आपण आधी आत जाणार, कारण मी आत गेले की डॉक्टरांशी बोलत बसते आणि त्यांची गाडी चुकते.