स्वस्त तिकीट

आमच्या खानदेशांत कोणत्याही वस्तूचा भाव न विचारणें हा जवळजवळ असभ्यपणा समजला जातो. पाहुणा नवा सदरा घालून आला, तर ‘कितीला घेतला?’ हा प्रश्न त्याच्या प्रकृतीच्या चौकशीआधीं येतो. आणि त्यानें सांगितलेला आंकडा ऐकून ‘फसलास!’ असें म्हटल्यावांचून यजमानाला समाधान लाभत नाहीं. अशा मुलखांत विमानाच्या तिकिटासारखी वस्तु यावी, हा मला दैवाचा विनोदच वाटतो. कारण या वस्तूला भाव पुष्कळ आहेत, पण ठरलेला असा एकही नाहीं.

गेल्या दिवाळीपूर्वीं हैदराबादेस नोकरी करणाऱ्या भाच्याचें तिकीट काढावयास आमचें सारें घर एका फोनभोवतीं बसलें होतें. सकाळीं पाहिलेला आंकडा दुपारीं वाढला, सायंकाळीं थोडा उतरला, आणि रात्रीं जेवणें आटोपून पाहतों तों पुन्हा वर! आमच्या आत्याबाई म्हणजे दुकानाच्या पायऱ्या उतरूं लागून दुकानदाराकडून स्वतःला तीन वेळां परत बोलावून घेणाऱ्या. त्या बराच वेळ हा खेळ पाहत होत्या. शेवटीं न राहवून म्हणाल्या, “त्याले सांग ना भो, थोडं कमी कर!” आम्ही हंसलों खरे, पण तेथें ‘तो’ कोणीच नाहीं, हेंच तर सारें दुःख होतें. समोर माणूस नाहीं म्हणून भीड नाहीं, आणि दुकानाला पायरी नाहीं म्हणून उठून जाण्याचा धाकही नाहीं.

तरी जळगांवकरांना आपल्या गांवच्या विमानाचा भाव पाहण्याचें भाग्य निदान लाभलें. केंद्र सरकारनें २०१६ सालीं ‘उडान’ योजना जाहीर केली. तिच्यांतील विचार असा, कीं सुमारें तासाभराच्या प्रवासाला विमानांतल्या निम्म्या जागांचें भाडें २,५०० रुपयांच्या आसपास बांधून टाकावें, आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षेंपर्यंत सरकारनें भरून द्यावी. या पैशासाठीं मोठ्या शहरांमधल्या विमानांवर आकारणी बसविली गेली. म्हणजे दिल्ली-मुंबई करणारे शेटजी नकळत जळगांवच्या मास्तरांच्या तिकिटाला हातभार लावीत होते. २०१७ च्या डिसेंबरांत एअर डेक्कनचें छोटेखानी विमान जळगांवाहून मुंबईस उडालें. पुढें तें थांबलें. २०१९ सालीं ट्रूजेट आली, तीही गेली. २०२४ च्या एप्रिलांत फ्लाय ९१ या कंपनीनें जळगांव गोव्याशीं व हैदराबादेशीं जोडलें.

धुळ्याची गोष्ट याहून मौजेची. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तेथें एकमेकांस छेदतात. चाळीसगांवहून येणारी आगगाडी १९०० सालापासूनची. आणि गोंदूरच्या धांवपट्टीवर वैमानिक होऊं पाहणारीं मुलें शिकाऊ विमानें उडवितात. विमान डोक्यावर घिरट्या घालतें, पण त्याचें तिकीट मात्र मिळत नाहीं! धुळेकराला विमानांत बसावयाचें तर जळगांव, ओझर, संभाजीनगर, इंदूर किंवा सुरत गांठावें लागतें, नाहीं तर थेट मुंबई. मुंबईचें तिकीट हजार रुपयांनीं स्वस्त दिसतें खरें. पण मोटारीचें भाडें, वाटेंतलें जेवण आणि पहांटेच्या विमानासाठीं जागून काढलेली रात्र हीं त्यांत मिळविलीं, कीं ती स्वस्ताई कसारा घाटांतच कोठेंतरी सांडलेली असते.

तिकिटाच्या या चढउताराचें मर्म मला कळलें तें रावेरकडच्या एका केळीच्या बागेंत. केळीचा घड आणि विमानांतली जागा या दोन्ही नाशवंत वस्तु होत. तयार झालेला घड फार दिवस थांबत नाहीं. आणि विमानाचें दार मिटलें, कीं रिकाम्या जागेची किंमत शून्य. मग दोहोंचे भाव एकाच दिशेनें चालावयास हवेत. पण वेळ संपत आली, कीं केळीचा भाव कोसळतो आणि तिकिटाचा बहुधा गगनाला भिडतो! कारण कंपनी जागांच्या पायऱ्या पाडते. तळच्या थोड्या जागा स्वस्त असतात, त्या विकल्या गेल्या कीं पुढची पायरी महाग, आणि अगदीं शेवटच्या जागा ज्याला जाणें भागच आहे त्याच्यासाठीं राखलेल्या असतात. अमेरिकेंत १९७८ सालीं भाड्यांवरचें सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा झाल्यावर ही विद्या फोफावली. आपल्याकडे १९५३ चा राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९९४ सालीं रद्द झाला, आणि खाजगी कंपन्यांबरोबर ती येथेंही रुजली. केळीच्या व्यवहारांत निकड शेतकऱ्याची असते, तिकिटाच्या व्यवहारांत ती प्रवाशाची असते. दोन्हीकडे पैसे मोजतो तो अडलेला माणूसच.

दोन वर्षांपूर्वीं माझे काका धुळ्यास अत्यवस्थ झाले. बंगळूरला असलेल्या चुलतभावानें त्याच रात्रीं तिकीट पाहिलें, तों महिन्यापूर्वीं सुटीसाठीं पाहिलेल्या भाड्याच्या चौपट आंकडा! त्यानें तें काढलें. अशा वेळीं कोण काढणार नाहीं? मुंबईस उतरून मोटारीनें तो धुळ्यास आला, आणि वडिलांच्या मुखांत पाणी घालावयास कसाबसा पोंचला. तेराव्यानंतर ओटीवर बसलों असतां तो सहज म्हणाला, “शेजारचे गृहस्थ आपण किती स्वस्तांत तिकीट मिळविलें, तें मोठ्या कौतुकानें सांगत होते. तीन महिन्यांपूर्वीं काढलेलें. मला त्यांचा राग नाहीं आला, दादा. तीन महिन्यांनंतरचा दिवस त्यांना ठाऊक होता, याचा हेवा वाटला.”

तेव्हांपासून मला वाटतें, कीं स्वस्त तिकीट मिळविणें ही चातुर्याची गोष्ट थोडी आणि आयुष्याला लाभलेल्या निश्चिततेची अधिक. ज्याची रजा आधीं मंजूर होते, त्याला तें मिळतें. ज्याच्या मुलीच्या लग्नाची तिथि कापसाच्या पैशावर ठरते, त्याला तें कसें मिळावें? आगगाडीनेंही १९९७ पासून तत्काळची निराळी पेटी ठेवली; पण तिच्या अनारक्षित डब्याचें तिकीट ऐन वेळीं धांवत आलेल्यालाही आजपर्यंत त्याच भावानें मिळत आलें आहे.

विमानाचीं सारीं भाडीं बांधून टाकावीं, असें मी म्हणणार नाहीं. तोट्यांत चालणारें विमान फार दिवस उडत नाहीं, हें जळगांवानें दोनदां पाहिलें आहे. पण करोनाच्या काळांत, मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत, सरकारनें भाड्यांना मर्यादा घातलीच होती. आणि अमेरिका-कॅनडांतल्या कांहीं कंपन्या जवळच्या आप्ताच्या मृत्यूप्रसंगीं सवलतीचें भाडें देतात. प्रत्येक विमानांत अशा दोन-चार जागा राखल्या, तर कोणाचें दिवाळें निघणार नाहीं.

भाव विचारण्याची आमची खानदेशी खोड कांहीं जाणार नाहीं. माझीही गेलेली नाहीं. फक्त ‘कितीला घेतलें?’ याच्या आधीं मी हल्लीं ‘केव्हां घेतलें?’ हें विचारतों. कोणी ‘काल रात्रीं’ म्हणालें, तर पुढचा आंकडा विचारीत नाहीं. घरचें सारें ठीक आहे ना, एवढेंच विचारतों.